थोरलीची सहाण, धाकटीची सहाण

माझी आई, मंजुळाबाई, मनाने वाईट नाही. तिच्या ओट्यावरून कुणी उपाशी परत गेलेलं मी पाहिलं नाही. पण धाकट्या जावेचं, म्हणजे आमच्या धुरपताकाकूचं, काही बरं झालं की आईच्या पोटात दुखतं. काकूची हळद चांगली उतरली तर म्हणते, "रान तिच्या वाट्याला चांगलं आलं, तिचं काय कौतुक?" काकूची म्हैस गाभण राहिली तरी आई घुश्शात.

सगळ्यात जुनं दुखणं सहाणेचं. आमच्या सिद्धेश्वर भागात पाहाल तिकडे काळा दगड. त्यावर चंदन नुसतं घसरतं. आजीची सहाण तिच्या माहेरची, पैनगंगेपलीकडची, हाताला वाळूसारखी खरखरीत. घरात लग्न निघालं की चंदन तिच्यावरच उगाळायचं, ही आमच्या घरची रीत. थकल्यावर आजीने दोन्ही सुनांना एकेक सहाण दिली, आईला गोल, काकूला चौकोनी. दोन्ही पाथरवटाकडून नव्याने टाकी लावून आणलेल्या, त्यामुळे जुनी कोणती ते ओळखू येईना. आजी गेली आणि दोघी सांगू लागल्या, माहेरची ती माझी, दुसरीची औंढ्याच्या जत्रेतली.

यंदा काकूच्या संगिताचं लग्न ठरलं. आजीमागचं घरातलं पहिलंच. काकूने आपली सहाण धुऊन ओट्यावर मांडली आणि आईचा तिळपापड झाला.

"लेक तिची, मांडव तिचा, अन् मानबी तिच्याच दगडाला? मी थोरली मेले काय?"

मी म्हटलं, आई, लग्नघर आहे. तर म्हणाली, "तू गप. तुला काकूचाच पुळका." खोटं कशाला बोलू, तो आहेच.

शेवटी मीच वैतागून करुणाला बोलावलं. करुणा आमच्या गावातल्या प्रेमानंदकाकांची लेक, माझी शाळेपासूनची मैत्रीण. हिंगोलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. आईने तिला चहाच्या आधीच बजावलं, "बराबर सांग बरं का, पोरी."

करुणाने दोन्ही सहाणा पालथ्या घातल्या, कीट घासून काढलं, पाणी लावलं आणि भिंग धरलं. आधी आईची.

"मावशी, ह्यो दगड पहिले वाळू होता. थरावर थर दाबून दगड झाला. हे पांढरे कण गारगोटीचे. अन् हे गुलाबी दिसून राहिले न, ते कच्चे असतात, लांब वाहत गेले की झिजून, कुजून संपतात. इथं ते शिल्लक हायेत, कणांचे कोपरेबी टोकदार. म्हंजी वाळू ज्या डोंगरातून निघाली त्याच्या जवळच थांबली. जत्रेतल्या सहाणा मी पाहिल्यात. त्या बारीक, गोल कणांच्या, सगळी गारगोटीच. लई फिरलेली वाळू ती. ही जत्रेतली न्हाई."

"मी काय म्हणून राहिले होते?" आई फुलून गेली.

मग करुणाने काकूची उचलली. तिच्यावरही भिंग फिरवलं. तेच गुलाबी कण, तसेच टोकदार कोपरे. तिने दोन्ही शेजारी धरल्या. जाड खड्यांची एक पट्टी दोन्हींतून गेलेली, रुंदीलाही तेवढीच.

"एकाच दगडाच्या हायेत, मावशी. आजीनं फोडून दोन घडवून घेतल्या."

मला वाटलं, मिटलं एकदाचं. आजीने आपलं माहेर दोघींत सारखं वाटलं, आणखी काय हवं? काकूचे तर डोळेच भरून आले. आईचा चेहरा मात्र उतरला.

"धुरपते, देताना काय म्हणल्या होत्या आत्याबाई तुला?"

काकूने पदराने नाक पुसलं. "म्हणल्या, मला लेक न्हाई, तूच माझी लेक. थोरलीला सांगू नको."

आईने आपली सहाण उचलून मांडीवर घेतली. "मला म्हणल्या, धाकटीला सांगू नको," ती म्हणाली. "बाकी समदं हेच."

काकू सरकत तिच्याजवळ आली आणि तिचा हात धरला. आईने तो काढून घेतला. इतका मत्सर मी तिच्या डोळ्यांत म्हशीच्या वेळीही पाहिला नव्हता.

"माझ्या आधी म्हणल्या का मागून?"