लोरेटाने न म्हटलेलं वाक्य

लोरेटा प्रुइट निवृत्त झाली तेव्हा हॉस्पिटलने तिला एक लाकडी फळी भेट दिली. त्या फळीवर पितळी अक्षरं होती, ‘शांतीची दूत’. टाळ्या पडल्या, केक कापला, आणि मी मागे उभा राहून दातओठ खात होतो. शांतीची दूत म्हणे! जे तिला लोकांची तोंडं बंद करायला पाठवत आले, त्यांनीच ही अक्षरं ठोकून घेतली होती. ती फळी आता तिच्या गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेली असते.

अमेरिकेतल्या टोलेडोच्या त्या हॉस्पिटलात आम्ही दोघे चॅप्लेन होतो. कुणी शेवटच्या घटका मोजत असलं, कुणाचं मूल गेलं, कुणाला ऑपरेशनच्या आधी धीर हवा असला की आम्हाला बोलावणं यायचं. माणूस कुठल्याही देवाचा असो, नाहीतर कुठल्याच नसो. मी ज्यू, ती लुथरन पंथाची ख्रिश्चन. तिच्या कोटाच्या एका खिशात कॅथलिकांसाठी जपमाळ, दुसऱ्यात मक्केची दिशा दाखवणारं होकायंत्र आणि पेपरमिंटच्या गोळ्या. आधी बरीच वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. त्यामुळे ती कुजबुजली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

“मॉर्टी, मी देवाची नोकर आहे, हॉस्पिटलची नाही,” ती मला सुनवायची.

“पगार तर हॉस्पिटल देतं.”

“मग देवाला सांग ना, पगार सुरू कर म्हणावं.”

एका रविवारी चौथ्या मजल्यावर काझिमिर द्रोझ्द वारले. आयुष्यभर काचेच्या कारखान्यात राबलेला माणूस, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. बायको झोफिया त्यांच्यासाठी घरून सूप आणायला गेली होती. परत आली तेव्हा नवरा पलंगावरून खाली पडलेला, जीव गेलेला, आणि मुठीत नर्सला बोलवायच्या बेलची वायर घट्ट धरलेली. दारावरचा लाल दिवा जळत होता. त्या मजल्यावर रविवारी दोनच नर्स असायच्या. खर्च कमी करायचा म्हणून वरच्यांनी बाकीच्यांना सुट्टी दिली होती. त्या दोघी बिचाऱ्या दुसऱ्या टोकाला एका पेशंटच्या छातीवर दाब देत होत्या.

झोफियाबाईंशी अजून एकही डॉक्टर बोलला नव्हता. त्याआधीच व्यवस्थापक ब्रेंट हॅस्केलने लोरेटाला बोलावून घेतलं.

“त्या बाईंना जरा शांत करा. प्रार्थना वगैरे म्हणा. नवरा शांतपणे गेला असं सांगा.”

“तुम्ही होतात तिथे?”

“नाही.”

“मग शांतपणे गेले हे कुणी पाहिलं?”

“लोरेटा, शब्दांचा कीस पाडायची ही वेळ आहे का?”

माझं डोकं फिरतं ते इथे. आपल्या हातून चूक झाली की आधी आम्हाला पुढे करायचं. कडू गोळीवर साखर लावावी तसा देव वापरायचा. आणि माणसं भोळी असतात, प्रार्थना म्हणायला आलेल्यावर ओरडायची त्यांना लाज वाटते. हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

लोरेटा खोलीत गेली. काझिमिरना पुन्हा पलंगावर ठेवून चादर नीट केली होती. झोफियाबाई सुपाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“तुम्ही आलात,” त्या म्हणाल्या, “म्हणजे आता मी चिडायचं नाही, असंच ना?”

लोरेटाने खुर्ची ओढली. “चिडा तुम्ही. मी बसते तुमच्याजवळ.”

“तो बेल दाबत होता. कुणाला ऐकू का नाही आली?”

“मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला बोलावते.”

तिने तिथूनच हॅस्केलला फोन लावला. तो वकिलांचं काहीतरी बोलायला लागला.

“वकील घरी जेवत असतील. मेलेला माणूस इथे आहे,” ती म्हणाली. “तुम्ही येईपर्यंत मी हलणार नाही. आणि का बसलेय असं कुणी विचारलं तर सांगेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.”

संध्याकाळी तिच्या जागी ड्युटी घ्यायला मी गेलो, तर ती तशीच बसलेली. म्हणून मीही भिंतीला टेकून उभा राहिलो. अखेर हॅस्केल आला. टाय नीट करत खुर्चीच्या कडेवर टेकला.

“तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. मिस्टर द्रोझ्द अगदी शांतपणे—”

झोफियाबाईंनी हात वर केला आणि तो थांबला. त्यांनी नवऱ्याच्या उशीजवळची बेल उचलली आणि बटण दाबलं.

“बघूया कोण येतं.”

दारावरचा दिवा लागला. बाहेर नर्सच्या टेबलावर बारीक टिंगटिंग सुरू झाली. आम्ही चौघं ऐकत राहिलो. कॉरिडॉरमधून एक नर्स सलाइनची बाटली घेऊन पळत गेली, या दाराकडे बघायलाही तिला सवड नव्हती. हॅस्केलने घड्याळ पाहिलं, घसा खाकरला, मग पुन्हा घड्याळ पाहिलं. बेल वाजतच होती.

“मी कुणाला तरी बोलावतो,” म्हणत तो उठला.

“बसा, मिस्टर हॅस्केल,” लोरेटा म्हणाली. “त्यांनाही उठता येत नव्हतं.”

तो बसला. मग म्हणाला, “रविवारच्या नर्स मी कमी केल्या.”

झोफियाबाईंनी सुपाचा डबा टेबलावर ठेवला आणि त्या लोरेटाकडे वळल्या.

“आता म्हणा प्रार्थना.”

लोरेटाने खिशातून जपमाळ काढली. बाहेर बेल अजून वाजत होती.