गोणपाटाखालचा पंखा

आमच्या वर्सोव्याच्या बंदरावर किस्से शोधत फिरावं लागत नाही. ओहोटीला बोटी उघड्या पडल्या की बुडाला शिंपले चिकटलेले दिसतात ना, तसे किस्से इथल्या माणसांना चिकटलेले असतात. जरा खरवडलं की सुटले!

मी परदेशात बोटींचं इंजिनिअरिंग शिकून परत आले, तेव्हा डोक्यात एकच होतं: शिकलेलं सगळ्यांना वाटायचं. इथे येऊन कळलं, आमच्याकडे वाटतात तो फक्त संशय.

आधी बोटीबद्दल सांगते. बाबांची बोट जुनी, पोटात डिझेल इंजिन असलेली. एके काळी तीरासारखी यायची, पण गेली दोन वर्षं रेंगाळत होती. बोट उशिरा आली की मासळी उशिरा. मग बंदरावर टोपली मांडून बसलेल्या आईसमोर गिऱ्हाईकच उरत नाही. मढचा एक माणूस बोट विकत घ्यायला टपलेला. तिच्यावर रंगीत लाइट लावून त्याला पार्ट्या करायच्या होत्या.

बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर देऊन टाकू." हे बोलताना ते बोटीकडे बघत नव्हते.

*

बाबांचा पहिला संशय डिझेलवर. "पंपवाला पाणी मारतो!"

मी म्हटलं, बाटलीत भरून ठेवा. पाणी असलं तर खाली बसेल. बाबांनी बाटली खिडकीत ठेवली आणि येताजाता तिच्याकडे बघायला लागले. देवाला करतात तसा नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

सकाळी बाटली अर्धी!

"बघ! शेजारचा चोरतोय!" बाबा चप्पल घालून भांडायला निघालेसुद्धा.

आई आतून म्हणाली, "ओ, मी घेतलं. मोरीच्या दाराची कडी गंजली होती. चांगलं आहे तुमचं डिझेल, कडी झटक्यात सुटली!"

डिझेल निर्दोष सुटलं.

*

मग घाटकोपरहून भिवा मिस्त्री आला. त्याने इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खल्लास. वाट लागली याची. नवीन बसवा."

"नवीन कुठे मिळेल?" मी विचारलं.

"माझ्या मेव्हण्याकडे एक आहे ना!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. निदान या संशयात तरी आमचं एकमत झालं.

*

इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर फुल स्पीडला बरोबर आकडा दाखवायचा. त्यामुळे इंजिन ठणठणीत, असं बाबांचं म्हणणं. एक दिवस माझ्या लक्षात आलं, इंजिन बंद होतं तरी काटा तिथेच!

मी परदेशातून आणलेली, फेरे मोजणारी लेझर गन काढली. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाला, चमकती पट्टी चिकटवून तिच्यावर लाल ठिपका धरायचा, की खरा आकडा येतो. आमचा खलाशी रघू लगेच मागे सरकला. "ताई, यात कॅमेरा नाय ना?"

आकडा आला बराच कमी. इंजिन फुल दाबलं तरी पुरते फेरे घेत नव्हतं आणि मागून काळा धूर सोडत होतं. बूड आम्ही नुकतंच खरवडलेलं, एअर फिल्टर नवा. राहिला पंखा. पंखा म्हणजे पाण्यातला, बोट ढकलणारा.

"बाबा, पंखा मोठा आहे. जड गिअरमध्ये सायकल चढावर नेल्यासारखं होतंय. लहान लावू, इंजिन मोकळं फिरेल."

"लहान पंख्याने बोट जोरात?" बाबा हसले. "मीटर इथला, गन परदेशातली. तिला आपला समुद्र काय कळतो?"

*

आता आमच्याकडची एक रीत. ओहोटीला बोट चिखलात बसली की माणूस आधी काय करतो? हातपाय धुतो? चहा पितो? नाही. पंख्यावर गोणपाट बांधतो! कोणी माप घेऊ नये म्हणून.

सगळ्यात वेगवान बोट दामूकाकांची. मी सरळ विचारलं, "काका, तुमचा पंखा केवढा?"

"अगं बाय, तुझ्या काकीचं वय विचार, एक वेळ सांगेन!"

*

मी हार मानणारी नव्हते. बंदरावरच्या हॉलमध्ये सभा घेतली. फळा आणला, समोसे आणले आणि तळमळीने बोलले: "प्रत्येकाने आपल्या पंख्याचं माप सांगा. आपण माहिती लपवतो म्हणून सगळेच डिझेल जाळतो!"

टाळ्या पडल्या, समोसे संपले. मग एकेक जण खोटं बोलायला उठला. छोट्या होडीवाला एक जण तर एवढं माप सांगून बसला, की मागून रघू ओरडला, "एवढा पंखा वर लाव, हेलिकॉप्टर होईल!"

दामूकाकांनी सांगितलेलं माप आमच्या पंख्याइतकंच होतं. बाबा मिशीत हसले.

*

ते का हसले, ते आईने घरी फोडलं. "दोन वर्षांपूर्वी ह्यांनी दामूभावजींच्या बोटीखाली माप घेतलं आणि तसाच पंखा आणला. चप्पल हरवली म्हणून वाकून शोधत होते. दोन्ही चपला पायात!"

"दोन वर्षांपूर्वी? म्हणजे बोट रेंगाळायला लागली तेव्हाच?"

 बाबा म्हणाले, "शाफ्टच्या दांड्यावरचा पंखा उंच, तिथे हात पुरेना. खाली गोणपाटात दुसरा ठेवलेला. मला वाटलं, तसाच स्पेअर असेल. त्याचंच माप घेतलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो. दामूकाकांची बोट चिखलात कललेली. वाऱ्याने शाफ्टवरचं गोणपाट फडफडलं आणि वर गेलं. आत पंखा दिसला. लहान, मी सांगत होते तेवढाच!

बाबांनी वाकून पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "चल, कुर्ल्याला जाऊ. लहान पंखा आणू."

*

नवा लहान पंखा रिक्षातून चादरीत गुंडाळून आणला. बसवला आणि इंजिन फुल दाबलं. गनवर पूर्ण आकडा! रघू मागे बघून घाबरला आणि बाबांना म्हणाला, "तांडेल, धूर नाय! बंद पडलं काय?"

त्या आठवड्यात आमची बोट बंदरावर सगळ्यांच्या आधी आली. आईची टोपली ऊन चढायच्या आत रिकामी. मढच्या माणसाचा फोन आला, तो आईनेच घेतला. "पार्टी कॅन्सल!"

*

पुढच्या ओहोटीला मी बाबांना म्हटलं, "आपण गोणपाट बांधायचं नाही. पंखा उघडा ठेवायचा. ज्याला माप घ्यायचं त्याने घ्यावं."

"ठेव," बाबा म्हणाले. इतक्या पटकन, की मलाच संशय आला.

मग त्यांनी घरातून जुना मोठा पंखा आणला, बोटीशेजारी ठेवला आणि त्याच्यावर नीट गोणपाट बांधलं.

आई म्हणाली, "हे कशाला?"

"गंजेल."

"पितळ कधीपासून गंजायला लागलं?"

बाबांनी गाठ आणखी घट्ट केली. आम्ही पलीकडे चहा घेत बसलो. थोड्या वेळाने दामूकाका आले. मान खाली, नजर चिखलात.

"काय हरवलं, काका?" मी विचारलं.

"चप्पल गं." दोन्ही चपला पायात!

शाफ्टवरचा उघडा पंखा त्यांच्या नाकासमोर होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवून हसले. "उघडा ठेवलेला खरा असतो होय? मला फसवतो काय!" असं काहीसं पुटपुटले, खाली बसले आणि गोणपाटाची गाठ सोडायला लागले.

मागून आणखी दोघे येत होते. त्यांच्याही चपला हरवल्या होत्या.

बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "घे. भरली तुझी सभा!"