पाळण्यातले दादा

डॉक्टरांनी ओंकारच्या दंडाभोवती एक पातळ रंगीत पट्टी गुंडाळली. खूण पट्टीच्या लाल भागात थांबली. मग त्यांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"हा चेहरा पाहिलात? याला आम्ही 'ओल्ड मॅन फेस' म्हणतो. गालांतली चरबी संपली की मूल म्हाताऱ्यासारखं दिसायला लागतं. हे सिव्हिअर अक्यूट मॅलन्यूट्रिशन आहे. आजच अमरावतीला हलवा."

तीव्र कुपोषण, असा त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. तो मला कळला. परंतु माझे मन पहिल्याच वाक्यापाशी अडकून राहिले होते. ज्या चेहऱ्याला डॉक्टर रोगाचे लक्षण म्हणत होते, त्या चेहऱ्याला आमच्या घरात रोज सकाळी नमस्कार होत असे.

हे मी ज्यांच्या घरी एखादे फार शांत, फार समजूतदार दिसणारे लेकरू आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे. म्हणून काहीही वगळणार नाही.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. जमीन काळी आणि उदार, विहिरीचे पाणी मात्र तोंडात धरवत नाही. घरी पिढीजात पौरोहित्य. मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवले. माझे थोरले बंधू, ज्यांना सारा गाव दादा म्हणे, त्यांनी देवळाची पूजा सांभाळली. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात दादा गेले. शेवटी शेवटी त्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हते. कानशिले खोल गेली, कपाळाची कातडी सैल होऊन तिच्या घड्या पडल्या आणि डोळे मोठे, स्थिर, न मिटणारे झाले. तो चेहरा आमच्या सर्वांच्या मनावर कोरला गेला.

पुढच्या भाद्रपदात, वर्षश्राद्धाच्या सुमारास, दादांच्या नातवाला, मुकुंदाला, मुलगा झाला. मुकुंद दर्यापुरात कापडाच्या दुकानात कामाला जातो. त्याची पत्नी वैशाली अकोल्याची. मुलाचे नाव ओंकार ठेवले. तो सहा महिन्यांचा असताना वैशालीला कावीळ झाली आणि तिचे दूध आटले. ओंकारला गाईचे दूध पाणी घालून, भाताची पेज, वरणावरचे पाणी असे देऊ लागलो. दुकानातल्या पगारात आणि देवळाच्या दक्षिणेत जे बसे तेच वाटीत पडे, आणि वाटीतले पाणी हळूहळू वाढत गेले. त्याला हगवण लागे, थांबे, पुन्हा लागे. दात येत असतील, असे आम्ही म्हणत असू.

एके सकाळी माझ्या पत्नीने, सुमतीने, मला पाळण्यापाशी बोलावले.

"अहो, इकडे या. पाहा, कोण आलंय."

मी वाकून पाहिले. पाळण्यात दादा होते. तेच कपाळ, तीच खोल कानशिले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांना माझ्याबद्दल सर्व काही ठाऊक होते.

त्या दिवसापासून घराची रीत पालटली. ओंकार हे नाव मागे पडले. सारे त्याला दादा म्हणू लागले. आजेसासऱ्यांना एकेरी कसे बोलावे, म्हणून वैशाली पोटच्या पोराला "घ्या" आणि "झोपा आता" म्हणू लागली. शेजारचे लोक येऊन पाया पडून जात. तो रडत नसे, हात पसरत नसे, खेळण्याकडे पाहत नसे. ज्याने एकदा सर्व भोगून पाहिले आहे त्याला खुळखुळ्याचे काय, असे मी म्हणे, आणि ऐकणारे माना डोलावीत.

पितृपक्षात मी तर्पणाला बसलो. दादांच्या नावाचे तिलोदक सोडण्याची वेळ आली आणि ओंजळ अडली. ज्यांना पाणी द्यायचे ते तर पलीकडे पाळण्यात निजून माझ्या हाताकडे पाहत होते. पाणी कोणत्या लोकी पाठवावे? शेवटी मी ते सोडले, पण कुणाला दिले हे मला सांगता आले नसते.

आमच्या अंगणवाडीच्या सेविका रेखाताई बरेच दिवस चकरा मारीत होत्या. पंचायतीमार्फत येणारा लहान मुलांचा कोरडा शिधा त्या उंबऱ्यावर ठेवून जात. आम्ही पिढ्यान् पिढ्या यजमानांचा शिधा घेत आलो, तरी तो शिधा मात्र आम्हांला आपला वाटला नाही. तो गाईपुढे जाई. नवरात्रात जिल्हा परिषदेची घरोघरी मुलांची मापे घेण्याची मोहीम निघाली, तेव्हा रेखाताई थेट ओसरीवर येऊन बसल्या.

"गुरुजी, रागावाचं असन त रागवा. पण आज मी लेकराचं माप घेतल्याबिगर उठत नाही."

"रेखा, ते लेकरू साधं नाही," सुमती म्हणाली.

"मालूम हाये मले. मीबी पयल्यांदा पायलं तवा हात जोडले व्हते न त्याले. घरी गेली त झोपच नाही आली. काकू, माह्या आज्याचं तोंडबी मरताना असंच झालं व्हतं. मंग आता दोघंबी एकाच पायन्यात आले काय?"

रेखाताईंपुढे वैशालीने मुलाला आणून धरले. त्यांनी पट्टी लावली. वैशालीने लाल रंग पाहिला आणि मुलाला पदराखाली घेऊन ती एकटीच चालू लागली. आम्ही तिच्या मागोमाग निघालो. दर्यापूरच्या डॉक्टरांनी काय सांगितले ते वर लिहिलेच आहे.

अमरावतीच्या शासकीय रुग्णालयात अशा मुलांसाठी एक निराळी खोली असते. तिला पोषण पुनर्वसन केंद्र म्हणतात. भिंतींवर पोपट आणि फळांच्या टोपल्या रंगवलेल्या होत्या. एवढी लेकरे एका ठिकाणी म्हणजे कोलाहल असणार, अशा समजुतीने मी दार ढकलले. आत आवाजच नव्हता. पंखा फिरत होता, कुठे तरी चमचा वाटीला लागत होता. आया खाटांवर बसून होत्या. कुणी मेळघाटातून परतवाड्यामार्गे आलेली, कुणी वरूडकडची.

मी पहिल्या खाटेकडे पाहिले. तिथे दादा होते. दुसऱ्या खाटेवर दादा होते. पलीकडे एका मुलीच्या कानात लाल मण्यांचे डूल होते, आणि त्या डुलांच्या मध्ये दादांचा चेहरा होता. त्या साऱ्या खोलीतून माझे बंधू तेच मोठे, स्थिर डोळे लावून माझ्याकडे पाहत होते.

मी दाराची चौकट धरली. भय मला फार वेळा वाटलेले नाही. त्या दिवशी वाटले. आणि त्या भयातच उलगडले की आम्ही पाळण्यात बंधूंना ओळखले नव्हते. आम्ही भूक पाहिली होती. दादांच्या अखेरच्या दिवसांत तीच त्यांच्या मुखावर येऊन बसली होती. आता ती लेकरांच्या मुखांवर बसली होती, आणि तिला जात, गाव, गोत्र काही नव्हते.

"आबाजी, बसा खाली, चक्कर येईल," तिथल्या सिस्टर म्हणाल्या. "इथं शांत हाये म्हणून बरं नका समजू. ज्या दिवशी पोट्टं बोंबलते ना, त्या दिवशी आमी च्या पितो निवांत."

उपचाराची पद्धत मला प्रथम फार क्रूर वाटली. दूध, साखर आणि तेल यांचे एक पातळ मिश्रण असते; त्याला 'एफ-सेव्हंटी-फाइव्ह' म्हणतात. ते दर दोन तासांनी, मोजून, थोडेसेच द्यायचे. ओंकारला गिळवत नव्हते म्हणून ते नाकातल्या नळीने जाऊ लागले. अधिक द्यायचे नाही. तिथल्या डॉक्टरांनी कारण सांगितले: "रिफीडिंग सिंड्रोम. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं तर रक्तातले क्षार ढळतात, हृदय थांबू शकतं. या मुलांना भुकेनं मरू द्यायचं नाही आणि घाईच्या प्रेमानंही नाही."

सुमती आली ती शेवयांच्या खिरीचा डबा घेऊन. दादांना खीर आवडे. "त्यांचा जीव यातच अडकला असेल हो. एक चमचा तरी," ती म्हणाली. झाकण उघडताच वेलदोड्याचा वास खोलीभर गेला. ओंकारने मान हलवली नाही, पण त्याचे डोळे डब्याकडे वळले. शेजारच्या खाटेवरचे वळले. त्याच्या पलीकडचेही. ते डोळे डब्यावरून हलेनात. अन्नदानाहून थोर दान नाही, हे मी जन्मभर सांगत आलो. त्या दिवशी मी भुकेल्या लेकरांसमोरून अन्न उचलले आणि बाहेर नेले. सुमती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा थांबला. बाहेर आश्विनाचे ऊन इतके कडक होते की खिडकीचा गज हाताला पोळे. आणि ओंकारचे पाय पाण्यात ठेवल्यासारखे गार पडले. सिस्टर धावत आल्या. 'हायपोथर्मिया', म्हणजे अंगातली ऊब उतरणे. अशा मुलांच्या देहाला उन्हाळ्यातही स्वतःची ऊब राखता येत नाही. नळीतून साखरेचे पाणी दिले. डॉक्टर म्हणाले, "उघड्या छातीशी धरा, त्वचेला त्वचा लागू द्या. आईला ताप आहे. तुम्ही धराल?"

मी उपरणे काढले. जानव्याखाली, छातीवर त्यांनी त्याला उपडे ठेवले आणि वर शाल घातली. त्याचे वजन जाणवत नव्हते. वाळलेले पान अंगावर पडावे तसे. दादांचा चेहरा माझ्या हनुवटीखाली होता.

मी लहान असताना तापात होतो, तेव्हा दादांनी मला असेच छातीशी धरून गाव ओलांडले होते. त्या उबेचे ऋण माझ्याकडे होते. मी नामस्मरण करू लागलो, पण ओठांवर भलतेच शब्द आले. मी त्या चेहऱ्याशी बोलू लागलो.

"दादा, आता तुम्ही जावे. आम्ही तुम्हांला धरून ठेवले, आमची चूक झाली. हे घर तुमचे नाही, हे ओंकारचे आहे. त्याला ते मोकळे करून द्या."

ते डोळे माझ्याकडे पाहत राहिले. मी खोटे लिहिणार नाही: त्या क्षणी मला कळत नव्हते की मी बंधूंना निरोप देत आहे की लेकराला. मग पापण्या खाली आल्या. कित्येक आठवड्यांत त्याचे डोळे नीट मिटलेले मी पाहिले नव्हते. मी सिस्टरांना हाक मारणार होतो, तेवढ्यात त्यांनी स्वतःच येऊन शालीत हात घातला.

"झोपला थो," त्या म्हणाल्या. "पायाले हात लावून पाहा, आबाजी. गरम होऊन राहिले."

त्यानंतरची वाट मंद होती. त्याच्या छातीत संसर्ग होता, त्याला औषधे सुरू झाली. काही दिवसांनी नळी निघाली. वाटीतले मिश्रण घट्ट होत गेले. मग एका सकाळी सिस्टरांनी वाटी संपल्यावर बाजूला नेली, आणि ओंकारने तोंड उघडले. आधी आवाज आलाच नाही, नुसते तोंड. मग आला: चिरका, कर्कश, संतापलेला. त्यात काहीही जाणतेपण नव्हते. वैशाली घाबरून म्हणाली, "दादाजी, असं नका करू."

"अवं बाई, त्याले अरे म्हन!" सिस्टर ओरडल्या. "लेकरू हाये तुह्यं! आन् कोनी तरी च्या सांगा रे!"

शेजारच्या खाटेवरची डूलवाली मुलगी त्या आवाजाकडे पाहून किंचित हसली. तिचा चेहराही आता दादांचा राहिला नव्हता.

गावी परतलो तेव्हा पंचायतीने ग्राम बालविकास केंद्र सुरू केले होते. कमी वजनाच्या मुलांना तिथे दिवसातून अनेकदा ताजे खाऊ घालतात. अंगणवाडीचे छत गळत होते, म्हणून मी देवळाचा सभामंडप देऊ केला. काही जणांनी अंड्यांवरून कुरकुर केली. रेखाताईंनी ती तिथेच मिटवली: "अंडे मी माह्या घरी उकडते न, गुरुजी. देवाले वासबी नाही येऊ देत. ज्याले नाही चालत त्याले केयं सोलून देते." आता सकाळच्या पूजेत माझे मंत्र लेकरांच्या गलक्यात मलाच ऐकू येत नाहीत. शिधा गाईपुढे जात नाही. सुमती त्याचा शिरा करते.

डॉक्टर, सिस्टर आणि रेखाताई यांचे आभार मानायला माझ्याकडे पुरेशी भाषा नाही. मी त्यांची नावे संध्येच्या वेळी घेतो. तुमच्या घरी मूल रडत नसेल, मागत नसेल, तर त्याला शांत म्हणू नका. त्याच्यात कुणाचाही चेहरा दिसत असेल, तर आधी त्याचा दंड मोजून घ्या.

यंदाचा पितृपक्ष नुकताच झाला. मी पुन्हा तर्पणाला बसलो. ओंकार पलीकडे जमिनीवर बसला होता. गाल भरलेले, नाक वाहते. मी त्याच्या तोंडावर दादांना शोधले. खरेच शोधले, आणि ते कुठेच नव्हते. मला हुंदका आला. आपले माणूस गेले, हे मला तीन वर्षांनी समजत होते.

मग मी दादांचे नाव घेतले आणि पाणी सोडले. या वेळी ओंजळ अडली नाही. ते कुणाला जात आहे हे मला ठाऊक होते.

इतक्यात पुढची पळी भरायला हात नेला तो पंचपात्र जागेवर नव्हते. ओंकारने ते ओढून आपल्या डोक्यावर उपडे केले होते, आणि तिळाचे पाणी त्याच्या नाकावरून निथळत होते. स्वयंपाकघरातून वैशालीचा आवाज साऱ्या आळीला ऐकू गेला.

"ओम्याऽ! ठेव ते खाली, माकडा! मार खाशील आता!"

त्याने भोकाड पसरले. मी तर्पण तसेच थांबवले आणि ते मन भरून ऐकले.