एका ओढीत सुटणारी गाठ

संकेत, साक्षात्कार, भुतंखेतं... यातलं मी काहीच मानत नाही. पुढे जन्मभर लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. तरी हे लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात आमचे हे गेले, आणि ती सकाळ ठाऊक असलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही.

तेव्हा आम्ही नांदेडला होतो. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. हे हिंदुस्थानच्या विमानदलात होते — मालवाहू विमानात सामान दोरांनी आवळायचं काम. सुट्टीवर आले की माझी पुस्तकं बांधून द्यायचे. त्यांची गाठ कितीही वजनाला सरकायची नाही, पण मोकळं टोक ओढलं की एका ओढीत सुटायची.

"शिकून घे, मास्तरीणबाई," चिडवायचे. "वाचून गाठ येत नसती."

मग काश्मीरच्या सीमेवर त्यांचं विमान बेपत्ता झालं. तार आली — कुणी वाचल्याची आशा नाही. दोन महिने वाट पाहून मामंजींनी ठरवलं, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. भोकरहून पानं आणवली. अग्नी दिला की माझं कुंकू पुसलं जाणार होतं.

सकाळी गुरुजींनी अंगणात पुतळा लोकरीच्या दोऱ्यानं गच्च बांधला. मग ते आणि मामंजी मागच्या आडावर आंघोळीला गेले. घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

दोघे परत आले तर पानं सुटी पडलेली, आणि दोरा ओसरीच्या खांबाला बांधलेला. ह्यांच्या गाठीनं.

ती गाठ त्यांनी घरात फक्त मला शिकवली होती. मामंजी माझ्याकडे वळले.

"सूनबाई, खरं सांगा. मी रागावत न्हाई."

"मी नाही, मामंजी."

"सकाळपासून माझ्या मांडीवर डोकं हाय तिचं," सासूबाई म्हणाल्या. "झोपेत जाऊन आली व्हय?"

मामंजींनी टोक ओढलं. दोरा सुटून हातात आला. तो ते बराच वेळ बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"गुरुजी, शिधा घेऊन जा. विधी न्हाई."

"यजमान, तारेत लिहिलंय—"

"लिहिणाऱ्यानं पाहिलंय का त्याला?"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ह्यांचंच अक्षर. पाय मोडलेला, पण मेंढपाळांनी बर्फातून उचलून नेलं होतं.

ते घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. त्या सकाळी तुम्ही काय करत होतात, विचारलं.

"तिथं कुठला वार अन् कुठली तारीख," ते हसले. "पाय हलू नये म्हणून फळीला बांधून ठेवलं होतं मला. सुटायची धडपड तेवढी आठवती."

यावर मी पुढे पुष्कळ विचार केला... वारा म्हणावा, तर वारा गाठ बांधत नाही.

गेल्या महिन्यात तिरडी बांधताना मी मुलाच्या हातून सुतळी घेतली. शेवटची गाठ मी बांधली. त्यांचीच. मोकळं टोक त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं.