देवाला दिलेली मुदत

देव आहे की नाही, या वादात मी कधी वेळ घालवला नाही. माझं भांडण वेगळं होतं. असलाच तर तो करतो काय, हा माझा प्रश्न होता. सतराव्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते. निवेदनं दिली आहेत, त्यांची शिक्का मारलेली पोच घेतली आहे, आणि उत्तर आलं नाही तर साहेबाच्या दारात मांडी घालून बसले आहे. देव उत्तर देत नाही, पोचही देत नाही, मग त्याच्या दारात जायचं कशाला, असा माझा सरळ हिशोब होता. मुंबईत वाकोल्याच्या आमच्या घरात कोकणातल्या आमच्या ग्रामदेवाचा, रवळनाथाचा फोटो आहे. बाबा रोज त्याला हात जोडतात. मी त्याच्यासमोरून टॉवेल वाळत घालायला जायचे, यायचे, आणि वर बघायचे नाही.

मग शिकायला म्हणून परदेशी गेले. ठरवलेली खोली ऐनवेळी हातची गेली आणि दोन बॅगा घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले. तिथल्या एका सांस्कृतिक मंडळाने तीन आठवडे त्यांच्या वाचनालयात मला गादी टाकून दिली. मंडळ म्हणजे काय, तर एका जुन्या शाळेतल्या तीन खोल्या. निर्वासित आणि बाहेरदेशी विद्यार्थी तिथे एकत्र जेवायचे, भाषा शिकायचे, एकमेकांचे अर्ज भरायचे. मी आधी जेवायला गेले, मग कांदे कापायला, आणि शेवटी वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिले. काम वाटून देणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. इथे येणाऱ्याची गोष्ट ही त्याची असते. तो सांगेल तेवढीच ऐकायची आणि दाराबाहेर न्यायची नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, गोष्ट बाहेर नेलीच नाही तर लोकांना चीड येणार कशी? चीड आली नाही तर बदलणार काय? पत्रक लिहिणाऱ्याचं डोकं असंच चालतं. नाव हवं, फोटो हवा, मागणी हवी, मुदत हवी. नाव नसलेलं पत्रक कुणी वाचत नाही, हे मला माझ्या संघटनेत घोटून घोटून शिकवलं होतं.

परत आले ती हेच काम इथे करायचं ठरवून. कारण आपल्याकडेही बाहेरदेशी मुलं शिकायला येतात, काहींच्या देशात मागे आग लागते, परत जायची सोय राहत नाही, आणि आपण काय करतो? ब्रोकर त्यांचा पासपोर्ट बघून फोन उचलणं बंद करतो. सोसायटी ठराव करते. हे मला सहन होत नव्हतं, आजही होत नाही. आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची वाकोल्यात एक खोली आहे. परळची जुनी खोली गेली तिच्या बदल्यात घेतलेली. वर्षातून एकदा पूजा, एरवी कुलूप. मंडळाचे सेक्रेटरी तात्या, जुने गिरणी कामगार. त्यांच्याकडे मी किल्ली मागितली तेव्हा मला वाटलं होतं की वाद घालावा लागेल. तात्या एवढंच म्हणाले, "आमी मुंबैत इलंव तेवा आमका तरी कोण वळखी होतो? घे किल्ली. पण मोरी धुवन ठेव."

तर दर रविवारी ती खोली उघडू लागली. दहाबारा मुलं यायची. चहा, डाळभात, मराठी-हिंदीचे धडे, कॉलेजचे आणि पोलिसांचे फॉर्म. त्यातच नर्गिस यायची. हे तिचं नाव नाही. तिनेच हे मला निवडून दिलं. तिचा देशही मी सांगत नाही आणि तिच्या घरच्यांबद्दल जे लिहिते आहे त्यातलं पुष्कळसं बदललेलं आहे. असं का, ते पुढे येईलच.

नर्गिस फार्मसी शिकत होती. तिकडे परत जाणं शक्य नव्हतं, इथे निर्वासित म्हणून केलेला अर्ज अजून तसाच होता, आणि ती राहायची त्या सोसायटीने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं. कारण विचारलं तर म्हणे, बाहेरदेशी भाडेकरू नकोत. माझं डोकंच फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. वर तिचा फोटो, तिच्या फोनमधून तिनेच मला एकदा पाठवलेला. खाली नाव, कॉलेज, गाव. आणि लोकांच्या काळजाला हात घालायला म्हणून एक परिच्छेद, की हिची धाकटी बहीण तिकडे बापाच्या घरात लपूनछपून अकरा मुलींना शिकवते, आणि अशा घरातल्या मुलीला आपण घराबाहेर काढतो आहोत. तो परिच्छेद लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. पाचशे प्रती छापल्या. शनिवारी संध्याकाळी नाक्यावरच्या पेपरवाल्याला गठ्ठा दिला, की रविवारच्या अंकात घालून टाका. आमच्याकडे पत्रक घरोघरी पोचवायचा हाच रस्ता. तो मजकूर आधी नर्गिसला वाचून दाखवावा, विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. तिच्या भल्यासाठीच तर होतं सगळं.

त्या रविवारी मंडळाची वार्षिक पूजा होती. सकाळी दहाला खोलीत गावकरी बायका रात्री भिजवलेले वाटाणे निवडत बसल्या होत्या. नर्गिस मदतीला आलेली. मी मोठ्या तोऱ्यात माझ्याकडची एकुलती एक प्रत तिच्या हातात दिली.

"इसमें मेरी फोटो क्यों है?" तिने विचारलं. तिला मराठी वाचता येत नाही. "पढ़ के सुना."

मी वाचत गेले. हिंदीत सांगत गेले. बहिणीच्या परिच्छेदापर्यंत आले तेव्हा तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेरे को मैंने बताया था," ती म्हणाली. "तेरे को. पाँच सौ घरों को नहीं."

मग हळूहळू तिने मला समजावलं, जसं लहान मुलाला समजवावं. तिच्या गावची माणसं या शहरात आहेत. सगळी चांगली नाहीत. या कागदाचा फोटो काढून तिकडे धाडायला किती वेळ लागतो? नाव, गाव, बापाचं घर, सगळं मीच लिहून दिलं होतं. कुणाला काही शोधावंच लागणार नव्हतं. तिने फोन उघडून बहिणीला निरोप टाइप केला, वर्ग आजच्या आज बंद कर. आणि पाठवायच्या बटणावर अंगठा धरून ती बसून राहिली. पाठवला तर अकरा मुली उद्यापासून घरात. नाही पाठवला तर काय होईल, ते तोंडाने बोलवत नव्हतं.

मी नाक्यावर धावले. पेपरवाल्याची फळी दुमडलेली, वर प्लॅस्टिक बांधलेलं. लाइन टाकून झाली, म्हणजे घरोघरी पेपर वाटून झाले, की हे लोक फोन बंद करून झोपतात, त्याचाही फोन बंद. घर कुठे, कुणाला माहीत नाही. मग मी एकेका बिल्डिंगमध्ये शिरले. पहिला वॉचमन म्हणाला, पेपर वर गेले. दार वाजवलं तर एक काका म्हणाले, "रविवारी पेपरात अर्धा किलो पत्रकं असतात, कोण बघतंय? रद्दीत असेल." दुसऱ्या दारात बाईंनी क्लासचं पत्रक आणून दिलं, तिसरीकडे पाण्याच्या फिल्टरचं. माझं कुठेच मिळेना. म्हणजे ते कुणाच्या हातात, कुणाच्या फोनमध्ये आहे, हेही कळेना. दीड तास चार बिल्डिंगांचे जिने चढले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की मी लिहिलेलं कुणी वाचू नये.

खोलीवर परतले तेव्हा पूजा आटोपून गाऱ्हाण्याची वेळ झाली होती. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. दरवर्षी तात्या घालतात. यंदा त्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी नारळ उचलून सरळ माझ्या हातात दिला.

मागून कुणीतरी कुरकुरलं, "बाईमाणसान गाऱ्हाणा घालूचा?"

"मोर्च्यात बोंबलता ता चालता," तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मग हयसर तुझा काय दुखता?"

नको म्हणायचंही त्राण माझ्यात नव्हतं. मी उभी राहिले आणि तोंड उघडलं तर जे येत होतं तेच आलं. "देवा महाराजा, वाकोला मुक्कामी जमलेल्या समस्त गावकऱ्यांच्या वतीने आम्ही आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की," असं मी सुरू केलं. कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे गेले. आमच्या एका मैत्रिणीवर अन्याय होतो आहे, एक कागद चुकून बाहेर गेला आहे, तरी आज सायंकाळी सात वाजेपर्यंत...

तात्यांनी माझं मनगट धरलं. "चेडवा, देवाक मुदत देतंस? निवेदन नको. कागद चुकान गेलो म्हणतंस. कोणाच्या चुकान? ता आदी सांग."

 समोर फोटो, फुलं, निरांजन, भिंतीशी हातात फोन धरून बसलेली नर्गिस. आजवर मी शेकडो निवेदनं लिहिली, प्रत्येकात चूक दुसऱ्याची होती. बहुतेक वेळा ती खरंच दुसऱ्याची असते, त्यात मी आजही माघार घेणार नाही. पण त्या दिवशी ती माझी होती आणि तिच्यासाठी माझ्याकडे एकही तयार वाक्य नव्हतं. मग घरची बोली आली, जी मी बाहेर कधी बोलत नाही.

"देवा म्हाराजा, माझ्या हातून चूक झाली हा."

"व्हय म्हाराजा."

"दुसऱ्याच्या लेकीची गजाल मी तिका न इचारता लोकांका सांगितलंय. माका वाटला, माका सगळा कळता."

"व्हय म्हाराजा."

"आता माझ्या हातात कायएक रवला नाय. माझ्या चुकीची झळ त्या पोरींका लागू नको. लागली तर माका लागू दे."

पुढचं "व्हय म्हाराजा" जरा उशिरा आलं आणि त्यात एक आवाज नवा होता. नर्गिसचा. मी तिचं नाव घेतलं नव्हतं. बहुधा पहिल्यांदाच मी कुणाची गोष्ट नाव न घेता सांगितली होती. नारळ ठेवला तेव्हा आतली धावपळ थांबली होती. काही सुटलं नव्हतं. गठ्ठा बाहेरच होता. 

पंगत बसली. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. चारच्या सुमाराला दारात एक गृहस्थ आले, कडेला चपला काढून उभे राहिले. बगलेत गठ्ठा, सुतळीही न सोडलेला, फक्त वरचा एक कागद ओढून काढून परत खोचलेला. नाक्यावरचे पेपरवाले, वानखेडे. मूळचे बुलढाण्याचे.

"जय भीम, ताई. पत्रकावर खाली इथला पत्ता होता, म्हणून आलो. रागवा पाहिजे तर. मी तुमचं काम केलं नाही."

मी उठून दाराशी गेले.

"पोरीचा फोटो आणि ती कुठली, काय, हे ज्या कागदावर असतं तो मी पेपरात घालत नाही. माझा नियम आहे. पहाटे वाचलं आणि बाजूला ठेवलं." मग गठ्ठा खाली ठेवून म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव असंच छापून आलं होतं एकदा. चांगल्यासाठीच. मोर्चा तिच्यासाठीच होता. लोक घरी गेले, नाव राहिलं."

 त्या मोर्च्याचं पत्रक माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलं असणार, स्वतःवर खूश होऊन. तात्यांनी हात जोडले. "देवानच धाडल्यान तुमका."

"मले कोणी नाही धाडलं, काका," वानखेडे म्हणाले. "मी झोपून उठलो आणि आलो." मग त्यांना ताट वाढलं, आणि ते जेवले.

मी या दोघांच्या मध्ये पडत नाही. मला एवढंच माहीत आहे की गठ्ठा पहाटेच बाजूला ठेवलेला होता. मी जिने चढत होते तेव्हा, देवाला सातची मुदत देत होते तेव्हा, त्याच्या कितीतरी आधी ते काम होऊन गेलेलं होतं. एका माणसाने स्वतःचं दुःख गिळून नियम केला होता, आणि तो नियम त्या पहाटे माझ्या आणि माझ्या चुकीच्या मध्ये उभा राहिला. गाऱ्हाण्याने गठ्ठा परत आणला नाही. गाऱ्हाण्याने मला जागेवर आणलं, तो गठ्ठा घेण्याच्या लायकीचं केलं. पहाटे तेच वानखेडे भेटले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते.

आम्ही दोघींनी मोरीत बसून पाचशेच्या पाचशे कागद बादलीत भिजवले आणि लगदा केला. नर्गिसने आधी फोन उघडून तो न पाठवलेला निरोप पुसला, मग बाह्या वर केल्या. सोसायटीशी मी आजही भांडते आहे, समोरासमोर, तिचं नाव न छापता. महिनाअखेरची तारीख टळून गेली. ती अजून तिथेच राहते, अर्जही अजून तसाच आहे. आमच्या नव्या पत्रकावर एकच ओळ असते, रविवारी खोली उघडी आहे. लोक येतात. मला वाटलं होतं तसं काही नाही, नाव नसलेलं पत्रकही वाचतात. वानखेडे ते पेपरात घालतात.

टॉवेल वाळत घालायला जाताना मी आता फोटोसमोर थांबते. मागत काही नाही. आज माझं काय चुकलं तेवढं सांगते आणि जे माझ्या नकळत कुणीतरी सावरून ठेवलं असेल त्याबद्दल हात जोडते.

हे लिहिलेलं मी नर्गिसला वाचून दाखवलं. तिने दोन ओळी काढायला लावल्या, मग हो म्हणाली. त्या दिवशी मोरीत लगदा पिळताना तिने मला विचारलं होतं, "सब लोग बोल रहे थे, तो मैं भी बोली. मैंने किस बात पे हाँ बोला?"

मी सांगितलं, माझ्या चुकीची झळ मला लागू दे, तुम्हाला नको, या गोष्टीला.

तिने थोडा विचार केला. "आधा सही है," ती म्हणाली. "तेरे को भी नहीं लगना चाहिए." आणि बादली माझ्याकडे सरकवली.