उणे वीस

माझ्या भावोजींसारखा उलटीकडून गणित करणारा माणूस सबंध मुलुंडात दुसरा नसेल. लोक समीकरण सोडवून उत्तरं काढतात. भावोजी आधी उत्तरं ठरवतात आणि त्यांवरून समीकरण बांधत बसतात. ही उत्तरं म्हणजे त्यांचे ‘रूट’, काही साधे, काही कॉम्प्लेक्स, म्हणजे ‘आय’ हा काल्पनिक आकडा पोटात असलेले. लग्नपत्रिकेची पाठ, वाण्याच्या पुडीचा कागद, काही म्हणून त्यांच्या हातून कोरं सुटत नाही. एकदा तर एकाच गालाची दाढी करून ते कॉलेजात शिकवायला गेले, कारण मधेच एक समीकरण जमलं होतं.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. ते ताईला पाहायला आमच्या घाटकोपरच्या बिऱ्हाडी आले. ताई इंटर सायन्सला होती. बरोबर आलेल्या त्यांच्या आत्याबाईंनी विचारलं, “गाता येतं का गं?” ताई बोलायच्या आत भावोजी म्हणाले, “ते राहू दे. दोन आणि तीन अधिक आय, हे रूट. कोइफिशंट सगळे रिअल, त्यांत आय नको. त्यांवरून लहानात लहान पॉलिनॉमियल बांधाल?”

आईनं बाबांकडे पाहिलं. ताई म्हणाली, “मग तीन उणे आयसुद्धा धरायला हवा. असला रूट एकटा येत नाही.” बाबांची पेन्सिल घेऊन तिनं आकडेमोड केली आणि वाचून दाखवलं, “एक्स घन, उणे आठ एक्स वर्ग, अधिक बावीस एक्स, उणे वीस.”

“शेवटी अधिक वीस.”

“उणेच.”

“अहो, मी शिकवतो हे.”

“शिकवत असाल. पण उणेच.”

आत्याबाई उठल्या. भावोजी कागद खिशात घालून चालते झाले. “लागली वाट! जरा गप्प बसली असतीस तर?” आई रडकुंडीला आली. “चुकीला बरोबर कसं म्हणू?” ताई म्हणाली खरी, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी एकटेच दारात, चेहरा नुसता फुललेला. “उणेच आहे हो! शेवटच्या गुणाकारात माझं चिन्ह चुकलं,” ते बाबांना म्हणाले. “मला मुलगी पसंत आहे. त्यांना मी चालेन का, तेवढं विचारा.”

ताईनं आतूनच सांगितलं, “चालेल म्हणावं.”

त्यानंतर ताईनं तपासल्याशिवाय एकही गणित त्यांनी वर्गात नेलं नाही. चूक निघाली की शेजाऱ्यांना सांगत सुटायचे, “आज हिनं मला धरलं!”

ताई जाऊन आता तीन वर्षं झाली. भावोजी अजून समीकरणं बांधतात आणि कागद घेऊन माझ्याकडे येतात. “बघ गं, कुठे चुकलोय का.” मी आर्ट्सची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी चष्मा लावून मी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवते. लगेच परत दिला, तर ते लगेच निघून जातात.