गुलाबी भिंत आणि लग्नाचा चौक

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऑइलपेंटच्या भिंतीवर देव उतरत नाहीत. हा शोध २०१७च्या उन्हाळ्यात डहाणूजवळच्या नरपडला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, तिच्या मुलाच्या लग्नाच्या सकाळी लागला. रंग माझ्याच दुकानातला होता, हेही इथेच कबूल करतो. डहाणू रोडला माझं रंगांचं दुकान आहे आणि नरपडमध्ये ही गोष्ट कुणी विसरू देत नाही.

माझा भाचा होडीवर मासे मारायला जातो. एकदा त्याच्या पायात शिंगाळा माशाचा काटा रुतला. तो काढणारी नर्स तलासरीच्या एका पाड्यावरची वारली मुलगी होती. काटा निघाला, पण भाचा पुढे महिनाभर ड्रेसिंगला जातच राहिला. शेवटी त्या मुलीनेच त्याला सांगितलं, जखम कधीच भरली आहे, आता घरच्यांना पाठव.

आम्ही गेलो. मुलीचे वडील शांत माणूस. आमच्या सगळ्या अटींना ते मान डोलावत होते. भटजी आमचे, बँड आमचा, मांडव आमच्या दारात. मग म्हणाले, "माझी एकच गोष्ट. घरात चौक काढायचा आणि आमच्या धवलेरीने लग्न लावायचं. ते झाल्याशिवाय आमच्यात लग्न झालं म्हणत नाय. पाड्यावर जाऊन मी काय सांगू, पोरगी दर्यावर सोडून आलो?"

धवलेरी म्हणजे वारल्यांत लग्न लावणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक निघतो, त्यात देवी येते, धवलेरी गाते आणि मग लग्न लागतं. माझ्या बहिणीने तिथल्या तिथे शब्द दिला. आणि दिलेला शब्द उत्तम पाळावा म्हणून घरी येऊन पुढची आख्खी खोली गुलाबी ऑइलपेंटने चकाचक करून घेतली. देवी यायची तर भिंत नको का चांगली? मी दोन हात जास्तीचे मारायला लावले.

लग्नाच्या सकाळी धवलेरी आली. सत्तरीची, काटक, सोबत दोन सवाशिणी आणि वाटीत कालवलेलं पांढरं पीठ. बांबूची काडी बुडवून तिने पहिली रेघ ओढली. रेघ थोडा वेळ थांबली, मग सावकाश खाली निघाली. तिने सूर्य काढला. सूर्य आमच्या देखत मावळला.

तिने भिंतीवरून हात फिरवला. "काच लावलीस काय गो?"

"बाय, हा भारीतला रंग आहे," मी पुढे झालो. "यावर काही म्हणजे काही टिकत नाही."

"तेच तर बघते," ती म्हणाली आणि काडी खाली ठेवली. "चौक नाय तर गाणं नाय."

मुलीचे वडील ओटीवर जाऊन बसले आणि तलासरीहून आलेल्या टेम्पोकडे बघत राहिले. बहीण माझ्याकडे बघत होती. त्यापेक्षा शिंगाळ्याचा काटा बरा.

"दादा, खरवड."

"अगं, दहा वर्षांची गॅरंटी आहे."

शेवटी मेहुण्याने घसा साफ करून सांगितलं की कुडाची, शेणाने सारवलेली भिंत घरात एकच उरली आहे. ती मागच्या अंगणातल्या खोलीची. त्या खोलीत सुकी मासळी ठेवतात.

"बोंबलांत देवी बसवू?" बहिणीने कपाळाला हात लावला. ती खोली पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिने दारावर नवी चादर टांगली होती.

धवलेरीने चादर बाजूला केली, आत गेली, भिंतीवर नख ओढून पाहिलं. "कोणी सारवलंय?"

"मीच," बहीण पुटपुटली.

"हात चांगला आहे तुझा."

तेवढ्या एका वाक्यावर माझी बहीण फुलून गेली. मग वरात सोडून सगळे बोंबलांच्या टोपल्या उपसायला लागले. नवरीच्या आत्याने एक बोंबील हुंगून विचारलं, "हे आंदणात आहेत ना?" भटजी मांडवात घड्याळ बघत होते, वारा त्यांच्याच दिशेने होता, आणि त्यांनी उपरण्याने नाक झाकून मंत्र म्हणायचा सराव सुरू केला होता.

चौक मात्र असा उमटला की बघत राहावं. पांढरी नक्षी, चंद्र, सूर्य, घोडा, मधोमध देवी. बहीण मागे उभी राहून बघत होती. मला कुजबुजली, "सगळं त्यांचंच आहे रे. माझ्या पोराचं काहीच नाही त्यात." मी म्हटलं, गप्प बस. ती गप्पच बसली. फक्त धवलेरी चहाला बाहेर गेल्यावर तिने वाटीत बोट बुडवलं आणि चौकाच्या चौकटीला अजिबात न शिवता, बाहेर खालच्या कोपऱ्यात, एक शिडाची होडी काढली.

धवलेरी परत आली. तिची नजर त्या होडीवर थांबली. खोलीत गर्दी होती. दारात मुलीचे वडील उभे होते. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

"ही कोणी काढली?"

बहिणीचा चेहरा पिठासारखा झाला. रंग माझा होता, तेव्हा हेही माझ्या खात्यावर जावं असं वाटून मी म्हणालो, "मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग काडी उचलली, खाली वाकली आणि होडीत भराभर दोन माणसं काढली, एक वल्ह्याशी, एक जाळ्याशी. वल्ह्याशी जी होती, तिला अंबाडा काढला. पाठ सरळ करत तिने गाण्यासाठी घसा खाकरला, आणि गाणं सुरू करायच्या आधी माझ्याकडे वळून, मांडवात भटजींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रिकामी होडी काढतोस व्हय रे, मासे काय तुझा बाप आणील?"